भूगोलाचा तास परत द्या

प्रति,
नागपुरातल्या शाळांचे संस्थाचालक, मुख्याध्यापक आणि व्यवस्थापन समित्यांचे सदस्य यांस,

स. न. वि. वि.

विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. राज्यात इतरत्र मुलं केव्हाच वर्गात बसलेली असतात, आपण मात्र ऊन उतरायची वाट पाहत असतो. यंदा शाळा उघडली आणि माझ्या नातीचं आठवीचं वेळापत्रक घरी आलं. त्यात भूगोलाचा एक तास कमी झाला होता आणि त्या जागी ‘फाउंडेशन’ असं छापलं होतं. बारावीनंतरच्या प्रवेश परीक्षेची तयारी आठवीपासून! मी शाळेत जाऊन विचारलं, तेव्हा उत्तर मिळालं, “मॅडम, भूगोल दहावीला चाळीस मार्कांचा. आणि ते पृथ्वीचं अंतरंग वगैरे मुलं गाईडमधून करूनच घेतात.”

त्याच सुमारास एका जुन्या सहकारी बाईंचा फोन आला. आम्ही दोघींनी जिथे शिकवलं त्या शाळेतला भूगोल कक्ष रिकामा करून तिथे कोचिंगवाल्यांची बॅच बसवली होती. नकाशे गुंडाळून जिन्याखाली टाकले आणि दगडांची पेटी भंगारात गेली.

या दोन्ही शाळांची नावं मी लिहीत नाही. नाव घेतलं की बाकीच्यांना वाटतं, चला, आपल्यावर आलं नाही. आणि चौकशी केली तेव्हा हेच कमीअधिक प्रमाणात शहरभर चाललेलं दिसलं. म्हणून हे पत्र सगळ्यांना, आणि खुलं.

मी निवृत्त भूगोल शिक्षिका. आठवी ते दहावीला हाच विषय शिकवण्यात नोकरीची सगळी वर्षं गेली. त्यामुळे विषयाची माया आहे, हे कबूल. पण लिहायला बसले ती मायेपोटी नाही. माझी मोठी बहीण १९९७ साली जबलपूरला राहत होती. २२ मेच्या पहाटे तिच्या घराच्या भिंतीला जोत्यापासून छतापर्यंत भेग गेली. पहाटे ती चार वर्षांच्या मुलाला उचलून जिन्याकडे धावली आणि जिन्याचाच कठडा कोसळला. दोघं वाचली. पुढे कित्येक वर्षं ती एकच विचारायची, “मला कुणी सांगितलं का नव्हतं, की हलत असताना जिन्याकडे धावायचं नसतं?” ती पदवीधर होती. तिलाही शाळेत भूकंपाचा धडा होताच. व्याख्या पाठ होती.

आता तक्रारी सांगते.

पहिली, ‘गाईडमधून होतं’ याबद्दल. गाईडमध्ये काय असतं ते मला माहीत आहे. कवच, प्रावरण, गाभा. अमुक किलोमीटर, तमुक किलोमीटर. शेजारी उकडलेलं अंडं अर्धं कापल्यासारखी आकृती. मुलगी ती आकृती रंगवते, आकडे लिहिते आणि गुण मिळवते. पण हे आकडे आले कुठून, हा प्रश्न तिला पडतच नाही, कारण तो विचारायला तासच उरलेला नाही. माणसाने आजवर खोदलेलं सर्वांत खोल भोक रशियात कोला इथे आहे, १२ किलोमीटरच्या थोडं वर. पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर. म्हणजे पाचशे भागांतल्या एका भागापर्यंतही आपला हात धड पोचलेला नाही. मग २,९०० किलोमीटर खाली वितळलेलं लोखंड आहे, हे कळलं कसं?

ते भूकंपांनीच कळवलं. आणि ही गोष्ट आपल्याला परकी नाही. १२ जून १८९७ ला आसाम-शिलाँग भागात प्रचंड भूकंप झाला. त्याचा अभ्यास केला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या रिचर्ड ओल्डहॅम या अधिकाऱ्याने. हजारो किलोमीटर दूर युरोपातल्या यंत्रांवर उमटलेल्या नोंदी त्याने पाहिल्या आणि भूकंपाच्या जमिनीतून धावणाऱ्या लाटा वेगवेगळ्या जातीच्या आहेत, वेगवेगळ्या वेळी पोचतात, हे दाखवून दिलं. आधी पोचते ती प्राथमिक, मागून येते ती दुय्यम. पुढे १९०६ मध्ये त्यानेच मांडलं, की पृथ्वीच्या पोटातून आरपार जाणाऱ्या लाटा अपेक्षेपेक्षा उशिरा पोचतात, म्हणजे मध्ये काहीतरी वेगळं आहे. तो गाभा. त्याच्या बाहेरच्या भागातून दुय्यम लाटा जातच नाहीत, आणि या लाटा द्रवातून जाऊ शकत नाहीत. म्हणून तो द्रव. १९३६ मध्ये डेन्मार्कच्या इंगे लेमान या बाईंनी नोंदींमधल्या बारीक, नको तिथे उमटलेल्या लाटांवरून ओळखलं, की त्या द्रवाच्याही आत आणखी एक गाभा आहे. तो घन असल्याचं पुढे सिद्ध झालं.

ओल्डहॅम ज्या खात्यात होता, त्या खात्याचं मध्य विभागाचं कार्यालय आपल्या सेमिनरी हिल्सवर आहे. मुलं त्याच्या फाटकासमोरून स्कूल व्हॅनमधून रोज जातात.

हे शिकवायला एक तास पुरत नाही, तीन लागतात. मी शिकवायची तेव्हा मुलांना एक साधं गणित द्यायची. प्राथमिक लाट कवचातून सेकंदाला साधारण सहा किलोमीटर धावते, दुय्यम लाट साडेतीन. दोन्ही एकाच वेळी निघाल्या तर पोचण्यात किती सेकंदांचं अंतर पडेल? करून बघा, किलोमीटरमागे एक अष्टमांश सेकंदाच्या आसपास येतं. म्हणून यंत्रावर दोन लाटांमध्ये जेवढे सेकंद दिसतात त्यांना आठने गुणलं, की केंद्र किती दूर ते ढोबळ कळतं. वीज चमकल्यावर गडगडाटापर्यंतचे सेकंद मोजून तीनने भागतात, तोच हा हिशेब. वर आकाशात आणि खाली जमिनीत एकच युक्ती चालते, हे कळल्यावर मुलांच्या चेहऱ्यावर जे दिसतं ते गाईडमध्ये मिळत नाही. आणि हो, हे भौतिकशास्त्रच आहे. तुमच्या ‘फाउंडेशन’च्या पुस्तकात लाटांचा धडा असतो ना, तो इथे जिवंत सापडतो.

दुसरी तक्रार पेटीची. तुम्हाला ते ‘जुने दगड’ वाटले असतील. म्हणून त्यात काय होतं ते सांगते.

सागवानी पेटी, आत खण, प्रत्येक खणात शाईने लिहिलेली चिठ्ठी. एका खणात आपला काळा पाषाण, बेसाल्ट. त्याच्या पोकळ्यांमध्ये पांढरे स्फटिक चमकायचे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरले, दख्खनचं पठार झालं आणि त्या लाव्हाची पूर्वेकडची कड बरोबर नागपुरात येऊन संपते. शहराचा पश्चिम भाग बेसाल्टवर उभा आहे, पूर्वेकडे गेलं की त्याहून कितीतरी जुने खडक लागतात. विहीर खणणाऱ्यांना, बोअर मारणाऱ्यांना हे तोंडपाठ असतं. दुसऱ्या खणात मनसरकडचं मँगनीज. एवढासा तुकडा, पण हातात घेतला की मुलं दचकायची, इतका जड. आणि बोटं काळी व्हायची. मग ती बोटं शेजारच्याच्या गालाला लावायची, हा कार्यक्रम दरवर्षी ठरलेला. रामटेककडचा अभ्रकाने लखलखणारा दगड होता. उमरेडचा कोळसा होता.

आणि एका खणात कामठीचा वालुकाश्म, त्यावर जिभेच्या आकाराच्या पानाचा ठसा. मधली शीर आणि तिच्यातून निघालेलं बारीक जाळं भिंगाखाली स्पष्ट दिसायचं. ग्लॉसोप्टेरिस. हेच पान दक्षिण अमेरिकेत, आफ्रिकेत, ऑस्ट्रेलियात आणि अंटार्क्टिकाच्या बर्फाखालच्या दगडातही सापडतं. पानाची वनस्पती समुद्र ओलांडून जात नाही, मग भूखंडच एकत्र असले पाहिजेत. खंड सरकतात हा केवढा मोठा विचार, आणि त्याचा पुरावा कामठीचा! स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर या मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात नागपूरच्या आसपास हिंडून असले जीवाश्म जमवले. सीताबर्डीची टेकडी, टाकळीचा परिसर, इथल्या लाव्हाच्या दोन थरांमध्ये दबलेला गोड्या पाण्यातला गाळ त्यांनी जगाला दाखवला. हिस्लॉपच्या नावाचं कॉलेज सगळ्या शहराला माहीत आहे, तो दगड गोळा करत हिंडायचा हे फार थोड्यांना.

ती पेटी किलोच्या भावाने गेली. दगड परत जमवता येतील, मी जमवूनही देईन. पण ज्याने ती विकायला सही केली त्याने आधी एकदा भूगोलाच्या शिक्षकांना विचारायला हवं होतं.

तिसरी तक्रार सगळ्यात मोठी. ‘नागपुरात थोडीच भूकंप होतात’ हे वाक्य. मी ते पालकसभेत ऐकलं, शिक्षकांच्या खोलीत ऐकलं आणि एका संचालकांच्या तोंडूनही ऐकलं.

४ डिसेंबर २०२४, सकाळी ७ वाजून २७ मिनिटं. तेलंगणातल्या मुलुगू जिल्ह्यात ५.३ तीव्रतेचा भूकंप झाला. गडचिरोली, चंद्रपूरमध्ये तो चांगला जाणवला, नागपुरातही काही भागांत जाणवला. सकाळपाळीच्या शाळा भरलेल्या होत्या. माझी एक जुनी विद्यार्थिनी आता शिक्षिका आहे, तिच्या वर्गातला मुलगा म्हणाला, “मॅडम, पंखा हालून राहिला.” ती म्हणाली, बंद पंखा हलतोय हे मलाही दिसलं, पण पुढे काय करायचं ते सुचलं नाही. केंद्र इथून सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास. वर दिलेल्या हिशेबाने पहिली लाट पाऊण-एक मिनिटात पोचली असेल आणि दुसरी त्यानंतर चाळीसेक सेकंदांनी. चाळीस सेकंदांत वर्ग बाकाखाली जाऊ शकतो. शिकवलेलं असेल तर.

त्या दिवशी दुपारपर्यंत पालकांच्या ग्रुपांवर दोन प्रकारचे निरोप फिरत होते. एक, ‘नासाने सांगितलंय, आज रात्री मोठा धक्का येणार.’ दुसरा, एका शाळेच्या अधिकृत ग्रुपवरचा, ‘नागपूर सुरक्षित झोनमध्ये आहे, चिंता नसावी.’ पहिला निरोप खोटा, कारण भूकंपाची वेळ, जागा आणि तीव्रता आधी सांगण्याची विद्या आज जगात कोणाकडेही नाही. दुसराही धोक्याचाच. देशाच्या भूकंपधोक्याच्या २००२ च्या नकाशात नागपूर झोन दोनमध्ये येतं, म्हणजे धोका कमी. धोका नाही असं तो नकाशा म्हणत नाही. आणि नकाशावर किती विसंबायचं याचं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. किल्लारी १९९३ मध्ये झोन एकमध्ये होती, देशातल्या सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात. ३० सप्टेंबरला, गणेश विसर्जनाच्या रात्री दमून झोपलेली गावं पहाटे चार वाजायच्या सुमारास जमीनदोस्त झाली. दहा हजारांच्या घरात माणसं गेली. त्यानंतर नकाशा बदलला आणि तो पहिला झोनच काढून टाकला.

किल्लारीचा भूकंप ६.२ चा होता. मुलुगूचा ५.३. मुलांना वाटतं नऊ दशांशाचा फरक. प्रत्यक्षात एक पूर्ण अंक वाढला की ऊर्जा सुमारे बत्तीस पट होते, म्हणून हा फरक वीस पटीच्या पुढे जातो. शिवाय मुलुगूचं केंद्र ४० किलोमीटर खोल होतं आणि किल्लारीचं अगदी उथळ. जबलपूरचंही पस्तीसेक किलोमीटर खोल होतं, म्हणून ५.८ असूनही मृतांचा आकडा चाळीसच्या आसपास राहिला. त्यात किल्लारीला दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद. भूकंपाने माणसं मेली असं आपण म्हणतो, मेली ती घराखाली.

आमच्या उत्तरेला नर्मदा-सोनचा भ्रंशपट्टा, म्हणजे खडक तुटून सरकतात असा पट्टा, जिथे जबलपूर हललं. त्याच पट्ट्याच्या आसपास १९३८ मध्ये सातपुड्यात सहाच्या वर तीव्रतेचा भूकंप नोंदला गेलेला आहे. दक्षिणेला प्राणहिता-गोदावरीची खचदरी, जिथे १९६९ मध्ये भद्राचलम हललं आणि आता मुलुगू. नागपूर या दोन्हींच्या मधोमध बसलेलं आहे. घाबरवायला सांगत नाही. आठवीच्या मुलाला नकाशावर या दोन रेघा काढता आल्या पाहिजेत, एवढंच म्हणणं.

मे २०२४ मध्ये आपल्याच जिल्ह्यात ओळीने दोन-तीन दिवस अडीचच्या आसपासचे धक्के नोंदले गेले आणि हे भूकंप की खाणीतले स्फोट, अशी चर्चा वर्तमानपत्रांत रंगली. शिकवायला याहून चांगला विषय कुठला? स्फोट जमिनीला सगळ्या दिशांनी बाहेर ढकलतो. भ्रंश सरकतो तेव्हा काही बाजूंना ढकल बसते आणि काही बाजूंना ओढ. चहूबाजूंच्या यंत्रांवर पहिला हिसका कोणत्या दिशेने आला ते पाहिलं की उलगडा होऊ लागतो. पंधरा वर्षांच्या मुलाला हे समजतं. मी समजावलेलं आहे.

चौथी तक्रार कवायतीची. आपत्ती व्यवस्थापनाची कवायत बहुतेक शाळांत ‘होते’. मी निवृत्तीनंतर एका शाळेत पाहुणी म्हणून गेले होते तेव्हा पाहिली. आदल्या दिवशी मुलांना सांगितलेलं. घंटा झाली, मुलं हसत मैदानात आली, बॅनर धरला, फोटो निघाला, रजिस्टरवर सह्या झाल्या. मी सहज मागच्या जिन्याकडे गेले. खाली चॅनल गेट, त्याला कुलूप. किल्ली कोणाकडे? शिपायाकडे. शिपाई कुठे? बँकेत. तिसऱ्या मजल्यावरची सगळी मुलं पुढच्या एकाच जिन्याने उतरली होती. वर्गातली लोखंडी कपाटं भिंतीला ठोकलेली नव्हती. मी मुख्याध्यापकांना म्हटलं, तर ते म्हणाले, फोटो चांगला आलाय.

२६ जानेवारी २००१. भूजच्या भूकंपाची वेळ सकाळी पावणेनऊ. अंजारमध्ये शाळेची मुलं प्रजासत्ताक दिनाच्या फेरीत अरुंद गल्लीतून चालली होती आणि दोन्ही बाजूंची घरं त्यांच्यावर आली. दीडशेहून जास्त मुलं एका गल्लीत गेली. आणि केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादमध्ये इमारती पडल्या, त्यांतल्या बऱ्याच खाली पार्किंगसाठी नुसत्या खांबांवर उभ्या केलेल्या होत्या. आपल्या शहरात गेल्या वीस वर्षांत कशा इमारती झाल्या ते मनीषनगरपासून बेसापर्यंत एकदा स्कूटरवरून फिरून बघा.

खरी कवायत अशी असते: न सांगता घंटा. हलत असेपर्यंत कोणी धावायचं नाही. बाकाखाली बसायचं, डोकं झाकायचं, बाकाचा पाय धरून ठेवायचा. खिडकीपासून लांब. हादरा थांबला की दप्तर डोक्यावर धरून रांगेने बाहेर, दोन्ही जिने उघडे, मैदानात भिंतीपासून आणि विजेच्या तारांपासून दूर. मग हजेरी. पहिल्या वेळी गोंधळ होईल. होऊ द्या, त्यासाठीच ती असते.

पाचवी गोष्ट थोडक्यात, कारण तीत तुमचा पैसाही लागत नाही. हवा. नागपूरच्या मुलाएवढी हवा कोणाच्या अंगाला भिडत नसेल, आणि आठवीतलाच ‘आर्द्रता व ढग’ हा धडाही आता गाईडच्या वाटेला गेला आहे. मे महिन्यात कूलर खोली थंड करतो आणि जूनमध्ये तोच कूलर अंग चिकट करतो, यात अख्खा धडा आहे: कोरडी हवा पाणी पिते, दमट हवा पीत नाही. चिखलदरा आपल्यापेक्षा आठशे मीटर उंच, हजार मीटरला साडेसहा अंश या दराने पाच अंशांनी थंड का, हा हिशेब सहलीच्या बसमध्ये होतो. मे २०२४ च्या अखेरीस शहरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले. देशभर बातमी गेली आणि मग हवामान खात्याने सांगितलं, की संवेदक बिघडला होता. ज्या शाळेच्या आवारात स्वतःचा तापमापक सावलीत टांगलेला आहे आणि मुलं रोज वहीत नोंद करतात, त्या शाळेतली मुलं त्या दिवशी हसली असती. सप्टेंबर २०२३ मधल्या एका रात्री अंबाझरी तलाव भरून वाहिला, नाग नदी घरांत शिरली. काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला. शंभर मिलिमीटर म्हणजे एका चौरस किलोमीटरवर दहा कोटी लिटर पाणी; हा गुणाकार किती मुलांनी केला? आणि विदर्भात दर पावसाळ्यात शेतात वीज पडून माणसं जातात. गडगडाट ऐकू येतो म्हणजेच आपण विजेच्या टप्प्यात आहोत, झाडाखाली उभं राहू नये, हे गावाकडे मामाच्या शेतावर जाणाऱ्या मुलाला माहीत हवं.

तुमची बाजू मला माहीत आहे. पालक ‘फाउंडेशन’ मागतात, ते नसेल तर दाखला काढून नेतात. शिक्षकांना निवडणुकीची, सर्वेक्षणाची, ऑनलाइन माहिती भरायची कामं. कितीतरी शाळांत भूगोल इतिहासवाल्या सरांकडे, नाहीतर ज्याचा तास रिकामा त्याच्याकडे. १४ जानेवारीला भूगोल दिन असतो, तोही संक्रांतीच्या पतंगांत उडून जातो. हे सगळं खरं. तरीही एका तासाचा बळी द्यायचा झाला की नेहमी हाच विषय का सापडतो, याचं उत्तर तुम्हीच द्यायचं आहे. ज्या शहरात भूवैज्ञानिक सर्वेक्षण आहे, भारतीय खाण ब्युरोचं मुख्यालय आहे, प्रादेशिक हवामान केंद्र आहे, मँगनीज आणि कोळसा कंपन्यांची मुख्यालयं आहेत, राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची अकादमी आहे, त्या शहरातल्या मुलाला गाईडवर सोडणं मला मान्य नाही.

माझ्या मागण्या या.

आठवी, नववीचा भूगोलाचा कापलेला तास पुढच्या सत्रापासून परत द्यावा. जादा वर्ग घ्यायचे असतील तर शाळेच्या वेळेनंतर घ्या, वेळापत्रकातून कापून नको.

भूगोल कक्ष, नकाशे किंवा नमुने हलवण्याआधी विषय शिक्षकांची लेखी संमती घ्यावी. जिथे कक्ष गेला आहे तिथे निदान एक कपाट आणि एक भिंत परत मिळावी.

वर्षातून दोनदा, आधी न सांगता, भूकंपाची कवायत व्हावी. शाळा भरलेली असताना एकाही जिन्याच्या गेटला कुलूप असू नये. ही मागणी सत्राची वाट पाहणारी नाही, उद्या सकाळी करता येते. कपाटं भिंतीला ठोकायला सुतार अर्ध्या दिवसात येतो.

प्रत्येक शाळेत कमाल-किमान तापमापक आणि पर्जन्यमापक लावून नोंदवही मुलांकडे द्यावी. भूकंप नोंदणारं यंत्र महाग पडतं, मान्य; पण कोणाही शिक्षकाच्या मोबाइलमध्ये हालचाल टिपणारा संवेदक असतो. बाकावर फोन ठेवून मुलांना उड्या मारायला सांगितल्या की पडद्यावर लाटा दिसतात.

आठवीच्या मुलांची वर्षातून एक फेरी दगड पाहायला. लांब जायला नको, कामठी, मनसर, रामटेक हाकेच्या अंतरावर आहेत. वॉटर पार्कच्या सहलीतून एक दिवस काढा.

आणि अफवांचा दिवस आला की शाळेच्या ग्रुपवर ‘आपण सुरक्षित झोनमध्ये आहोत’ असं न लिहिता राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राची नोंद टाकावी आणि खाली लिहावं, की उद्या वर्गात यावर बोलू.

माझ्याकडून जे होईल ते मी लिहून देते. पेटी नव्याने भरायला मदत करीन, चिठ्ठ्या माझ्याच अक्षरात लिहीन. ज्या शाळेत भूगोलाला माणूस नाही तिथे शनिवारी सकाळी येऊन अंतरंगाचा धडा शिकवीन, मानधन नको. माझ्यासारखे आणखी काही निवृत्त शिक्षक तयार आहेत, त्यांच्याशी बोलूनच हे लिहिते आहे.

पालकांनाही एक विनंती. येत्या पालकसभेत मार्कांचं बोलून झालं की उठून विचारा, मागच्या जिन्याची किल्ली कोणाकडे असते. उत्तर द्यायला कोणी इकडे-तिकडे बघू लागलं तर सभा संपायच्या आत ते गेट उघडून दाखवायला सांगा.

या पत्राचं उत्तर संस्थेच्या कागदावर, सहीनिशी, दिवाळीच्या सुट्टीआधी मिळावं. ज्या शाळा उत्तर देतील त्यांची नावं मात्र मी आनंदाने जाहीर करीन.

आपली,
एक निवृत्त भूगोल शिक्षिका
नागपूर